जरा बाजूला व्हा, मावशी

माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला बाहेरून एक कप्पा आहे. त्यात दोन जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायचं फडकं आणि टिकल्यांचं एक पाकीट असतं. लहान, मरून रंगाच्या, कोणाच्या डोळ्यात न भरणाऱ्या टिकल्या. साखरपुड्याच्या हॉलपाशी रिक्षा थांबली की उतरायच्या आधी आरशात बघून मी त्यातली एक लावते, आणि काम संपलं की काढून परत पाकिटाला चिकटवते. एक टिकली तीन-चार साखरपुडे आरामात चालते. घरी लावत नाही. नवरा जाऊन चार वर्षं झाली, घरी लावून दाखवायची कोणाला?

आता कोणी म्हणेल, काय बाई आहे ही, आजच्या जमान्यात कोण बघतं असलं? बघतात हो. सगळे बघतात. स्टुडिओ नवऱ्याने टाकलेला, घणसोली गावात, एका घराच्या खालच्या गाळ्यात. तो बाहेरची कामं करायचा, साखरपुडे, बारशी, लग्नं. मी गाळ्यात बसून पासपोर्ट फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर लोकांच्या तोंडावरचे डाग पुसायचे. तो गेल्यावर दोन महिन्यांनी मी शटर उघडलं. एक साखरपुडा त्याने आधीच घेऊन ठेवला होता, तो मी करणार होते. आदल्या दिवशी मुलीच्या काकांचा फोन आला. फार गोड बोलले. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण शुभकार्य आहे. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का?" कोणाला पाठवणार, कपाळ माझं! मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवून अर्धा तास नुसती बसून राहिले. पुढच्या कामाला टिकली लावून, गळ्यात बारीक काळी पोत घालून गेले. कोणी काही विचारलं नाही. उलट आग्रह करकरून जेवायला वाढलं.

तेव्हापासून धंदा चाललाय. चाललाय म्हणजे ओढतेय मी. उजवा खांदा कामातून गेलाय, गुडघे कुरकुरतात. ऐरोलीच्या कंपन्यांमधली मुलंमुली येतात, कुठल्या तरी परदेशी जोडप्याचे फोटो मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, "असं, पण नॅचरल." खाडीकिनारी भर उन्हात त्यांना नॅचरल हसवायचं म्हणजे डोक्याला ताप. तो म्हणतो माझं पोट दिसतंय, ती म्हणते मी काळी दिसतेय. मी म्हणते, छान दिसताय हो दोघं. दिवसातून पन्नास वेळा म्हणते. संध्याकाळी घरी गेल्यावर तोंडातून शब्द काढायचाही कंटाळा येतो.

पण एक गंमत सांगते. हॉलमध्ये भटजींपेक्षा लोक फोटोवालीचं जास्त ऐकतात. भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांना बोलवा," तर मामा दहा मिनिटांनी येतात. मी म्हटलं, "मामा, इकडे बघा," की हातातला वडा ठेवून पळत येतात. ओटी परत भरायला लावते, अंगठी परत घालायला लावते, पेढा परत भरवायला लावते, कोणी हूं की चूं करत नाही. माझ्यासारखीने खरं तर मागच्या खुर्च्यांवर बसायचं. पण हातात कॅमेरा असला की मी थेट पाटासमोर, सगळ्या सवाष्णींच्या पुढे. "तुम्ही कुंकू लावा, तुम्ही ओटी धरा, तुम्ही जरा डावीकडे या." मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू.

याच कामात मला एक वाईट खोड लागली. मागे एका घरातून अल्बम परत आला होता. ओटी भरतानाच्या फोटोत मुलीच्या विधवा मावशीचा हात आला होता, तांदळाच्या ताटाला लागलेला. मुलाच्या आईला ते चाललं नाही. "तेवढा हात काढून टाका," म्हणाली. मी काढला. कॉम्प्युटरवर बसून एका बाईचा हात मनगटापासून पुसला आणि तिथे जरीचा पदर ओढून दिला. पुन्हा ही कटकट नको म्हणून त्यानंतर मी आधीच काळजी घ्यायला लागले. पाट मांडला, बायका जमल्या, की मी चेहरे बघायचेच नाही. कपाळं बघायचे, गळे बघायचे. मोकळं कपाळ दिसलं की गोड आवाजात म्हणायचे, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये गर्दी होतेय." कोणाला काही कळायचं नाही. त्या बाईला मात्र कळायचं. आणि ती मुकाट्याने सरकायची, कारण तिला त्याची सवय असायची.

तर ऐरोलीला एक साखरपुडा होता. मुलगी दिघ्याची, ऐरोलीतच एका कंपनीत फोनवर बसणारी. मुलाकडचे मोठ्या सोसायटीत राहणारे. मुलाकडून सगळा कारभार त्याच्या आत्याच्या हातात. पैठणी, गजरा, आवाज खणखणीत. मुलगी पाटावर बसली, बायका भोवती जमल्या. त्यात एक बारीक अंगाची, फिकट पोपटी साडीतली बाई मुलीच्या अगदी खांद्याशी उभी होती, तिच्या केसातला गजरा नीट करत. कपाळ मोकळं. मला वाटलं असेल कोणी चुलती, नाहीतर शेजारीण. आत्याबाईंची नजर तिच्याकडे वळतेय हे मी बघितलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, "मावशी, जरा बाजूला व्हा, गर्दी होतेय."

तिने माझ्याकडे बघितलं. एक क्षण बघतच राहिली. मग गजऱ्यावरचा हात काढला आणि मागे गेली. मुलगी खाली मान घालून बसली होती, तिच्या लक्षातही आलं नाही. आत्याबाई माझ्याकडे बघून समाधानाने हसल्या. पुढे जेवताना मला म्हणाल्या, "तुम्हाला सगळं बरोबर कळतं हो. माझ्या मुलीचं जमतंय, तिचंही तुम्हीच करा." मी खूश होऊन घरी आले.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी एकटीच स्टुडिओत आली, अल्बमसाठी फोटो निवडायला. मी स्टूल दिलं, चहा मागवला आणि एकेक फोटो दाखवायला लागले. पहिल्या शंभरेक फोटोंपर्यंत ती हसत होती. मग हळूहळू हसणं कमी झालं. मग म्हणाली, "ताई, मागे घ्या ना. अजून मागे. माझी आई कुठाय?"

"कोण आई?" मी विचारलं.

"पोपटी साडीतली."

मी परत पहिल्या फोटोवर गेले. आम्ही दोघींनी मिळून सहाशे फोटो धुंडाळले. एका फोटोत पोपटी पदराचं टोक होतं. एकात, मागे जेवणाच्या टेबलापाशी, ती पाठमोरी उभी होती, हातात पाण्याचे ग्लास घेऊन. बाकी कुठेच नाही. स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्यात आई म्हणून एकही फोटो नाही.

"गर्दीत होतं कधीकधी असं," मी म्हटलं. माझं मलाच ते ऐकवेना.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, धंद्यात शिकलेय मी. पण ती नुसतीच म्हणाली, "मी दुसऱ्याच फोटोग्राफरला सांगणार होते, ताई. आई मागे लागली. म्हणाली, घणसोली गावातल्या त्या ताईंनाच दे. का, ते सांगितलं नाही. तिने आयुष्यात कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, म्हणून म्हटलं चला."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की मीच तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती आई आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी, खरं सांगते, कदाचित सांगितलंच असतं. मुलगी ऐकत होती. चहा तसाच राहिला होता. शेवटी पर्स उचलून म्हणाली, "तीन आठवड्यांनी लग्न आहे. त्यातही आई नसेल तर मला फोटोच नकोत. एकही नको."

मी म्हटलं, "मी घरी येते. तुझ्या आईचा आणि तुझा चांगला फोटो काढून देते. लग्नाचं बघू आपण." ती हो म्हणाली, पण तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि का उरावा?

दोन दिवसांनी दुपारी मी दिघ्याला गेले. चढावरची गल्ली, दोन्ही बाजूंना दारात वाळत घातलेले कपडे, नळावर भांड्यांची रांग. मुलगी कामावरून यायची होती. आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, "या, या," म्हणाली, चटई टाकली, पाणी दिलं. राग नाही, टोमणा नाही. मला तर वाटत होतं दोन शिव्या घातल्या असत्या तर माझं ओझं हलकं झालं असतं.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि समोरची भिंत बघितली. भिंतीवर हार घातलेला एका माणसाचा फोटो होता. कंपनीचा निळा शर्ट, खिशाला पेन. हनुवटीची कातडी जरा जास्तच गुळगुळीत. ती हनुवटी मीच केली होती.

मेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचं काम माझ्याकडे पुष्कळ येतं. लोकांकडे चांगला फोटो नसतोच. कोणी रेशनकार्डावरचा आणतं, कोणी लग्नातल्या घोळक्यातला. हा फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा होता आणि त्याच्या बरोबर हनुवटीवर गोल शिक्का पडला होता. अख्खी दुपार घालवून मी तो शिक्का पुसला होता. मी त्याला पांढरा शर्ट घालणार होते, सगळ्यांना घालते तसा, तर त्या बाई म्हणाल्या होत्या, "पांढरा न्हवता त्यांच्याकडं. ह्योच ऱ्हाऊ द्या." एवढं सगळं मला आठवत होतं. शर्ट आठवत होता, पेन आठवत होतं. ती बाई आठवत नव्हती. मी मेलेल्यांचे चेहरे तासन्‌तास बघत बसते, आणि त्यांना पोटाशी धरून जी माझ्या दारात येते तिच्याकडे माझं लक्षही नसतं.

"तुम्ही आला होतात माझ्याकडे," मी म्हटलं.

"व्हय की. दोन वर्सं झाली." त्या परत तांदूळ निवडायला लागल्या. "तुमच्या मालकांचा फोटो हाय न्हवं आत, कॉम्प्युटरच्या वर? मी इचारलं, हे कोन, तर तुमी सांगितलंत. तुमी च्या पाजलात मला. म्या घरी येताना मनाशी म्हनलं, बाई कशी हिकमतीनं उभी ऱ्हायलीया."

गाळ्यात मी टिकली लावत नाही, म्हणजे त्या दिवशी माझंही कपाळ मोकळंच असणार. म्हणजे या बाईला पहिल्यापासून माहीत होतं. साखरपुड्याच्या हॉलमध्ये मी टिकली लावून, पोत घालून तिच्यासमोर मिरवत होते, तिला म्हणत होते की बाजूला हो, आणि तिला सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. माझी चूक आणि आवाज माझाच चढलेला, असा माझा स्वभाव. "मी तुम्हाला बाजूला व्हा म्हटलं तेव्हा बोलायचं ना काहीतरी! आई आहे म्हणायचं! माझ्या तोंडावर सांगायचं, की बाई, तू तरी कुठली सवाष्ण लागून गेलीस!"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"राग आला हुता," त्या म्हणाल्या. "खोटं न्हाई सांगत, लई राग आला. तोंडाशी आलं हुतं. मंग तुझ्या कपाळाकडं बघितलं." पहिल्यांदाच त्या मला एकेरीत बोलल्या. "म्हनलं, आता मी तोंड उघडलं तर काय हुईल? दोघीबी बाजूला. त्यापरीस एकीला तरी उभं ऱ्हाऊ दे हितं."

मला वाटतं, नवरा गेल्यावर मला इतकं कोणी काही दिलं नव्हतं, आणि मी ते असं घेतलं होतं, न बघता. मला रडू आलं नाही. लाज वाटली. चटईवरून उठून पळून जावंसं वाटण्याइतकी लाज वाटली. पण पळून जाणार कुठे, बॅग पसरलेली होती आणि दारातून उजेड चांगला येत होता. मुलगी आल्यावर मी दोघींना उंबऱ्यात बसवलं आणि फोटो काढले. आईने दर फोटोला मान खाली घातली. मी म्हटलं, वर बघा, तर म्हणाल्या, "सवय न्हाई गं." बारा-पंधरा फोटो काढले, त्यातला एक बरा आला. मुलीने तो लगेच मोबाइलवर मागून घेतला. निघताना आईने मला खणात गुंडाळून नारळ दिला. मी घेऊ की नको करत होते, तर म्हणाल्या, "घे की. हितं कोन बघतंय?"

लग्न ऐरोलीतच होतं, सकाळचं. त्या दिवशी रिक्षातून उतरताना माझा हात सवयीने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. टिकल्यांचं पाकीट बोटांना लागलं. मी ते आतच ठेवलं. पोत तर घरीच ठेवून आले होते. धाडस वगैरे काही नाही हो. मला कंटाळा आला होता. रोज कपाळावर एक लहानसं खोटं चिकटवायचं आणि रोज खरवडून काढायचं, त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

वऱ्हाड दारात आलं. नवऱ्या मुलाला दारात ओवाळून आत घ्यायचं, हा मान मुलीच्या आईचा. ताट मुलीच्या मामीच्या हातात होतं. आई सगळ्यांच्या मागे, खांबापाशी उभी होती, साखरपुड्याचीच पोपटी साडी नेसून. मुलाकडच्या आत्याबाई पुढे, पैठणी, गजरा, सगळं जिथल्या तिथे. "चला, मामी, ओवाळा," त्यांनी आवाज दिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी कॅमेरा उचलायची वाट बघत.

रिक्षात मी मोठं भाषण तयार केलं होतं. आईचा मान, बदललेला जमाना, काय काय. ऐन वेळी त्यातला एक शब्द आठवेना. मी कॅमेरा खाली घेतला आणि तोंडातून निघालं ते असं, "मामी, तुमच्यावर उजेड नीट पडत नाहीये. ताट जरा आईंच्या हातात द्या. आई, पुढे या."

मामीने गोंधळून ताट पुढे केलं. फोटोवालीने सांगितलं ना, मग संपलं. आई जागची हलली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना कसं चालेल? तुम्हाला तर सगळं कळतं..." आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या कपाळावर आली आणि तिथेच थांबली.

"तुमची टिकली पडलीये वाटतं," त्या म्हणाल्या.

"पडली नाही. लावलीच नाही," मी म्हटलं. "माझे मिस्टर वारलेत, चार वर्षं झाली. तुमच्याकडच्या साखरपुड्याचे सगळे फोटो मीच काढलेत, चांगले आलेत. आई, या लवकर, उजेड जातोय."

उजेड कुठला जातोय, सकाळचे दहा वाजले होते. पण नवरा मुलगा शहाणा निघाला. दारातून तोच म्हणाला, "आई, या ना, ऊन लागतंय मला." कोणीतरी हसलं. आई खांब सोडून पुढे आली. ताट घेताना निरांजन विझलं, मामीने ते परत लावलं. तिने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मी फोटो काढत राहिले. किती काढले ते मोजले नाहीत.

आत्याबाईंनी मला त्या दिवशी जेवायला बोलावलं नाही, आणि त्यांच्या मुलीचा साखरपुडा दुसऱ्या कोणीतरी केला असं नंतर कानावर आलं. अजून दोन-तीन कामं अशीच गेली. वाईट वाटतं. मी काही मोठी झाशीची राणी नाही, मला गाळा चालवायचाय. खांदा अजून दुखतो, खाडीवर जोडपी अजून नॅचरल हसायला येतात. काही कामांना हात परत त्या पाकिटाकडे जातो, आणि एक-दोनदा मी लावलीसुद्धा, हे कबूल करते. पण पाटापाशी "बाजूला व्हा" मात्र परत तोंडातून निघालं नाही.

अल्बम द्यायला मी स्वतः दिघ्याला गेले. मुलगी सासरी होती, आई एकटीच घरी. ओवाळतानाचा फोटो मी पान भरून टाकला होता, पण मनात धाकधूक होती. इतके फोटो काढले आणि एकातही तिचे डोळे उघडे नव्हते. आरतीच्या धुराने म्हणा, भीतीने म्हणा, प्रत्येक फोटोत घट्ट मिटलेले. दुसऱ्या कोणाचा असता तर असला फोटो मी अल्बममध्ये कधी घातला नसता.

तिने हात पदराला पुसले, पान उघडलं आणि बराच वेळ बघत बसली.

"डोळे मिटलेत हो," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर उघडून देता येतील, त्या उंबऱ्यातल्या फोटोतले लावून. सांगा तुम्ही, करून देते."

"नगं," ती म्हणाली आणि फोटोवरून बोट फिरवलं, ताटावरून, मनगटावरून, पोपटी पदरावरून. "मी हाय न्हवं त्यात? मंग बास."